देहभार व हृदयरोग : मापदंडाचा इतिहास

किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या गणितासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७५ मध्ये जो ‘संदर्भ-पुरुष’ ठरविला, तो ७० किलोग्रॅम वजनाचा, पश्चिम युरोप वा उत्तर अमेरिकेतला होता. भारतीय देहाला हा अंगरखा ढगळ. म्हणून ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी येथील माणसांची मापे स्वतंत्रपणे जमविली. हृदयरोगाच्या क्षेत्रात मात्र परका काटा दीर्घकाळ चालला.

२००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ४० अभ्यासांतील २,५०,१५२ हृदयरुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात कृश रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक, तर किंचित स्थूल रुग्णांत सर्वांत कमी आढळले! यावरून लठ्ठपणा तारक ठरविणे घाईचे होय. दीर्घ आजार आधीच मांस झडवितो. शिवाय वजनास उंचीच्या वर्गाने भागणारा क्वेटलेचा निर्देशांक चरबी व स्नायू यांत भेद करीत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३; चरबी मात्र युडकिनांत ९.१ टक्के, याज्ञिकांत २१.२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २५ व ३० हे जुने टप्पे कायम ठेवून आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा टप्पा जोडला.