तेल काढलं, पण पाणी कुठं सोडलं?

आमच्या गटात आवळा रसाचं युनिट टाकायचं घाटतंय. मशीन, पॅकिंग, कर्ज सगळ्यावर चर्चा झाली. चोथा आणि धुण्याचं पाणी कुठं जाणार, यावर मात्र कुणी बोलंना. म्हणून आज ऑलिव्ह तेलाचा इतिहास लिहितोय.

आपला शेंगदाणा पोत्यात महिनोन्‌महिने राहतो. ऑलिव्हचं तसं नाही. ते फळ आहे; निम्मं पाणी, साधारण पाचवा हिस्सा तेल. तोडलं की एक-दोन दिवसांत गाळायचं, नाहीतर आंबतं. तेलाबरोबर कडू, काळपट पाणी निघतंच. रोमन लोक त्याला अमुर्का म्हणायचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कातोनं शेतीवर पुस्तक लिहिलं. तो सांगतो, खळं करताना माती अमुर्कात भिजवा, म्हणजे गवत उगवत नाही, मुंग्या लागत नाहीत. आपण खळं शेणानं सारवायचो, ते या पाण्यानं. पुढं वारोनं लिहिलं, की हे पाणी जमिनीत जास्त मुरलं तर ती नापीक होते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच हे ठाऊक होतं!

तेव्हा दगडी जातं, चटया आणि दाब यांवर काम चालायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट्रिफ्यूज आलं. लगदा गरगर फिरवला की तेल, पाणी, चोथा वेगळं. मजुरी वाचली, पण लगदा पातळ करायला कोमट पाणी ओतावं लागे. टनामागे हजार लिटरच्या आसपास काळं पाणी निघू लागलं. स्पेनमध्ये ते नद्यांत जायचं. १९८१ मध्ये सरकारनं बंदी घातली, तेव्हा गिरण्यांनी तळी खोदून ते उन्हात आटवायला सुरुवात केली.

१९९० नंतर नवं सेंट्रिफ्यूज आलं. वरून पाणी जवळपास नाहीच; बाहेर दोनच वस्तू, तेल आणि ओला चोथा. पाणी वाचलं. शिवाय तेल टिकवणारे कडवट फिनॉल पाण्याबरोबर धुऊन न जाता तेलात जास्त राहू लागले. काही वर्षांतच स्पेनमधल्या बहुतेक गिरण्या बदलल्या.

पण फळातलं पाणी जाणार कुठं? ते चोथ्यात बसलं. टनामागे आठशे किलोच्या आसपास चिकट लगदा, त्यात साठ-सत्तर टक्के ओल. वाळवायचा तर इंधन लागतं. आता तिथं बियांचे तुकडे वेगळे काढून जळण म्हणून वापरतात. काही ठिकाणी उरलेला लगदा झाडपाला आणि शेणखतात कुजवून पुन्हा बागेत घालतात. हे मला पटलं. बागेतलं बागेत परत.

आमचं युनिट ओढ्याच्या वरच्या अंगाला होणार आहे. खाली तीन विहिरी आहेत, एक माझी. रविवारच्या बैठकीत मी एवढंच विचारणार: पाणी किती, चोथा किती, आणि कुणाच्या बांधावर? युनिट हवंच आहे मला. पण खड्डा आधी, मशीन नंतर.

तुमच्यापैकी कुणी असं युनिट चालवत असेल, तर चोथ्याचं काय करता ते खाली जरूर लिहा. बैठकीत वाचून दाखवीन.