किहीममधला एक पावसाळा

साल १९३०. कुलाबा जिल्ह्यातल्या किहीमला तुम्ही भर पावसाळ्यात पोहोचला आहात. समुद्र खवळलाय, खाचरांत भात पोपटी झालाय आणि फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबताहेत. शिडीवर बांधलेल्या आडोशात तेहतीस वर्षांचे पक्षी-अभ्यासक सालिम अली वही घेऊन बसले आहेत.

आवाज न करता शेजारी बसा. पिवळ्या डोक्याचा नर पात्याची कड चोचीत धरून उडतो, लांब धागा सुटतो. तो धागा पायाखाली दाबून चोचीनं गाठ मारतो. खोपा अर्धा झाला की थांबतो. मग माद्या येतात. एक आत शिरते, वीण ओढून पाहते. तिला पसंत पडला, तरच खाली उतरणारी नळी विणून नर खोपा पुरा करतो. ती अंडी उबवायला बसते; तो दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. नराचा हा एकामागून एक मांडलेला संसार सालिम अली इथे टिपताहेत. १९३१ साली ते हे सविस्तर प्रसिद्ध करतील.

बर्लिनमध्ये पक्षीशास्त्रज्ञ स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाला आज नोकरी नाही. मग कशाच्या बळावर बसलाय तो इथे?

उत्तरासाठी १९०८च्या सुमारास मुंबईला चला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात अकरा-बारा वर्षांचा सालिम बिचकत उभा आहे. त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आहे. ती कुठल्या जातीची, हे त्याच्या मामांना सांगता आलं नाही. त्यांनी त्याला इकडे पाठवलं. सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब चिमणी ओळखतात आणि तिथेच थांबत नाहीत. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवतात, वाचायला पुस्तकं देतात. मुलाची भीड मोडते.

विज्ञानाची ओढ अशीच लागते. पोराला प्रश्न पडतो, आणि कुणी मोठं माणूस तो मनावर घेतं. मामांनी ‘मला ठाऊक नाही, पण ठाऊक असलेल्याकडे जा’ एवढं सांगितलं नसतं, तर किहीमची ती वही कोरी राहिली असती.

उद्या घरातलं पोर किनाऱ्यावरचा शिंपला तुमच्यापुढे धरेल. नाव येत नसेल, तर त्याला घेऊन जाणकाराचं दार ठोठावा.