गाळातील खनिजे व हिमालयाची झीज

पर्वतावरून वाहून आलेल्या गाळातील खनिजकण तपासून त्या पर्वताचे कोणते खडक, केव्हा आणि किती वेगाने उघडे पडले हे ठरविण्याची भूवैज्ञानिक पद्धत. हिमालयावर आज दिसतात ते उरलेले खडक होत. त्यांच्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर नद्यांनी केव्हाच खाली नेले. त्यांचा माग शिवालिक टेकड्यांत, त्यांहून जुन्या दगशाई व कसौली थरांत आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी पसरलेल्या, सुमारे ३,००० किमी. लांबीच्या गाळपंख्यात लागतो.

वालुकाश्म कुटून, चाळून त्याची पूड नरसाळ्यात भरलेल्या ब्रोमोफॉर्म या जड द्रवात (घनता सुमारे २.८९) सोडतात. क्वॉर्ट्‌झ व फेल्स्पार तरंगतात. गार्नेट, झिर्कॉन, तोरमल्ली, कायनाइट तळाशी बसतात आणि नरसाळ्याची तोटी उघडताच आधी बाहेर येतात. ही जड खनिजे वाळूत बहुधा एखादा टक्काच असतात, पण मूळ खडकाची ओळख तीच पटवतात. ब्रोमोफॉर्म विषारी असल्याने आता त्याऐवजी टंगस्टेट लवणांचे द्राव वापरतात.

रूपांतरित खडकांत उष्णता व दाब वाढत जातील तशी गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट ही खनिजे क्रमाने येतात, असे जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत दाखविले. हिमालयाच्या पायथ्याच्या थरांत खालून वर जाताना साधारण हाच क्रम मिळतो. पर्वताचा वरचा भाग आधी झिजतो आणि त्याचा गाळ सर्वांत खाली बसतो. खोलवरचे खडक नंतर उघडे पडतात आणि त्यांचा गाळ वर साचतो. त्यामुळे गाळात पर्वत उलटा वाचावा लागतो. मात्र एखादे खनिज गाळात नाही म्हणजे ते पर्वतातही नव्हते, असे म्हणता येत नाही. पुरलेल्या थरांतून फिरणारे पाणी पायरोक्सीन, अँफिबोल यांसारखी खनिजे विरघळवून टाकते. झिर्कॉन, रुटाइल व तोरमल्ली तेवढी तग धरतात.

काळ मोजण्याचे काम किरणोत्सर्गी घड्याळे करतात. खडक वर येताना थंड होतो आणि ठरावीक तापमानाखाली खनिजातील घड्याळ सुरू होते. झिर्कॉनमधील विखंडन-रेषांसाठी (युरेनियमचे अणू फुटून स्फटिकात उमटणाऱ्या खुणांसाठी) ते सुमारे २४०° से., ॲपेटाइटसाठी सुमारे ११०° से. आहे. या ‘बंद होण्याच्या तापमाना’ची मांडणी मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये केली. समजा, १.४ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या थरात १.६ कोटी वर्षे वयाचा झिर्कॉन सापडला. मग २४०° से. तापमान जेथे असते त्या सुमारे ८ किमी. खोलीवरून पृष्ठभागी येऊन, नदीतून वाहून थरात बसायला त्याला फक्त २० लाख वर्षे लागली. म्हणजे वर्षाला साधारण ४ मिमी. झीज. हा आकडा थोडा फुगलेला धरावा, कारण खडक झपाट्याने वर येताना आपल्याबरोबर उष्णताही वर आणतो.

थराचे वय ठरवायलाही हे कण उपयोगी पडतात. कण साचण्याआधीच थंड झालेला असतो, म्हणून थर आपल्यातील सर्वांत तरुण कणापेक्षा जुना असू शकत नाही. दगशाईच्या लाल थरांत जीवाश्म फारसे नाहीत आणि त्यांचे वय बराच काळ अंदाजाने सांगितले जाई. १९९७ मध्ये त्यांतील अभ्रकाचे एकेक कण आर्‌गॉन पद्धतीने मोजल्यावर हे थर २.८ कोटी वर्षांहून तरुण ठरले. त्यांच्या खालचे सागरी सुबाथू थर इओसीन काळातले असल्याने मध्ये एक कोटी वर्षांहून मोठा खंड असल्याचे उघड झाले.

या पद्धतीबद्दल एक घोळ वारंवार होतो. खनिजे झीज सांगतात, उंची नव्हे. बंगाल पंख्यातील अभ्रक व फेल्स्पार यांवरील कोपलँड व हॅरिसन यांच्या १९९० मधील गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातही ‘उत्थान’ हाच शब्द आहे. खडक वर येणे, जमीन उंचावणे आणि वरचे आवरण निघून जाणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे इंग्लंड व मोलनार यांनी त्याच वर्षी बजावले. पाऊस वाढला तरी झीज वाढते. त्यासाठी शिखर वीतभरही चढावे लागत नाही.

२०१५ मध्ये बंगाल पंख्यात आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील लक्ष्मी खोऱ्यात नवी वेधने झाली. लक्ष्मी खोऱ्यातील बराचसा गाळ सिंधू नदीने आणलेला आहे. पण तेथे सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या खंडान्त उतारावरून कोसळलेला प्रचंड ढिगाराही आडवा आला. ‘नटराज’ नावाने ओळखला जाणारा हा ढिगारा हिमालयाच्या हिशोबातून वगळावा लागतो.