भाकरीच्या मुलखातील सीलियाक

लातूर आणि नांदेडच्या खेड्यांत ‘जेवलात का’ याऐवजी आजही ‘भाकर खाल्ली का’ असेच विचारतात. ही भाकर ज्वारीची. मांजरा, मन्याड आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरताना पेरलेला जोंधळा त्या ओलीवर आणि थंडीवर पिकतो. माणसाला दाणा, जनावराला कडबा. शाळू, टाळकी, दगडी, नांदेडकडची पिवळी, मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी असे वाण घरोघर ओळखीचे होते. गहूही पेरत, पण तो बहुतेक घरांत सणाच्या पुरणपोळीपुरता आणि पाहुण्यांपुरता.

गव्हाच्या कणकेला जो ताण येतो, तो ग्लूटेन या प्रथिनामुळे. ज्वारीत ते नसते, त्यामुळे ज्वारीचे पीठ लाटले की तुटते. त्यावर इथल्या बायकांनी शोधलेला उपाय पिढ्यान्‌पिढ्या हातांत उतरला आहे. पिठात आधणाचे पाणी घालायचे, ते तळहाताने रगडून रगडून मऊ करायचे आणि एका भाकरीपुरताच उंडा घेऊन परातीत थापायचा. कड चिरली तर बोटाने सांधायची, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे आणि शेवटी आरावर फुगवायची. पीठ जुने झाले की त्याचे जिगट जाते आणि भाकर थापली जात नाही, म्हणून दळण थोडेथोडे आणि ताजे. ग्लूटेनविना रोजची भाकर करण्याचे हे पक्के तंत्र आहे. त्याला स्वयंपाकातले साधे काम समजणे अन्यायाचे ठरेल.

ज्वारीचे हे स्थान स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत ढळले. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला आणि उत्पन्न वाढले. पण खरिपाचा दाणा कापणीच्या वेळच्या पावसात काळा पडे. लोकांनी त्या ज्वारीचे नावच ‘हायब्रीड’ ठेवले आणि तिच्या भाकरीला नाके मुरडली. 1972च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली. ती आठवण थोरांच्या बोलण्यात अजून येते. पुढे खरिपाची राने सोयाबीनने घेतली आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाऊ लागली. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळत गेला. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये किलोवर आला. पोळी प्रतिष्ठेची झाली, भाकर गरिबीची खूण ठरली. आता हिशेब उलटला आहे. 2024 साली जाहीर झालेल्या हमीभावांत संकरित ज्वारीचा क्विंटलला 3371 रुपये, तर गव्हाचा 2425 रुपये होता.

गव्हाने काही माणसांना होणाऱ्या सीलियाक या आजाराची ओळख मात्र दूरच्या देशांत पटली. लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी 1888 साली त्याचे नीट वर्णन केले: मोठे पोट, वाळलेले हातपाय, फिकट जुलाब. कारण सापडले ते नेदरलँड्समध्ये. विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांना 1930च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली. पाव परत आला आणि आजारही परतला. डिके यांनी 1950 साली उट्रेख्टला आपला प्रबंध सादर केला. ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, हे नंतर स्पष्ट झाले. जन्मभर गहू, जव आणि राय टाळणे हाच त्यावरचा उपचार.

भारतात हा आजार मुख्यतः उत्तरेचा मानला गेला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत रक्तात या आजाराची प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. आजाराला पूरक जनुके तिन्ही भागांत जवळपास सारखीच होती, पण गव्हाच्या रोजच्या खपात फार अंतर होते: उत्तरेत 455 ग्रॅम, दक्षिणेत 25 ग्रॅम. ईशान्येत गहू कमी खाऊनही आजार बराच आढळला, म्हणून सगळा दोष एकट्या गव्हावर टाकता येत नाही. तरीही भाकरीवरून पोळीवर आलेल्या मराठवाड्यातल्या डॉक्टरांनी वाळलेले मूल किंवा न हटणारा रक्तक्षय पाहताना या आजाराची आठवण ठेवायला हवी. रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा तपासणे होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो. आधीच बंद केला तर तपासणी फसते.

निदानानंतर घरच्यांना पहिला आधार मिळतो तो आजीच्या परातीत. ज्वारी सीलियाकच्या रुग्णांना चालते, हे इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली तपासून दाखवले. कण्या, लाह्या, हुरडा आणि आंबील हे सारे रुग्णांच्या ताटात बसते. अडचण गिरणीत येते. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की जात्यात राहिलेला गहू तिच्या पिठात उतरतो. डब्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायला किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन हा देशातला नियम आहे, आणि ती मर्यादा ओलांडायला चिमूटभर कणीकही पुरते. म्हणून सवडीची घरे घरघंटी घेतात, बाकीची वरईचे किंवा तांदळाचे दळण आधी टाकायला सांगतात किंवा ज्वारीवरच ज्वारी दळून घेतात. धपाट्यात बहुधा कणीक मिसळलेली असते, आणि बाजारच्या बांधणीच्या हिंगात अनेकदा मैदा असतो; तो वरणातून नकळत पोटात जातो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबे रानात कडब्याच्या खोपीपुढे जेवायला बसतात. ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी हे रुग्णालाही चालते, फक्त भज्जीत तो हिंग नसावा. गव्हाची खीर तेवढी त्याच्या पानात वाढायची नाही, आणि खिरीची पळी आंबिलीच्या बिंदगीत घालायची नाही.