सूक्ष्म आरएनए आणि मूलपेशी

इ. स. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका सूत्रकृमीविषयी दाखविले की, ‘लिन-४’ जनुकापासून प्रथिन घडत नाही. त्याचा अवघा २२ घटकांचा आरएनए ‘लिन-१४’च्या संदेशवाहक आरएनएशी जुळून त्या प्रथिनाची निर्मिती रोखतो. तो नसेल तर पेशी पहिल्याच अवस्थेतील विभाजने पुनःपुन्हा करीत राहतात. हा प्रकार बराच काळ कृमीपुरताच मानला गेला. ही समजूत निराधार नव्हती. लिन-४चा जोडीदार अन्य प्राण्यांत तेव्हा ठाऊक नव्हता. मात्र इ. स. २००० मध्ये ‘लेट-७’ मानवातही आढळला. जेम्स थॉमसन यांच्या गटाने इ. स. २००७ मध्ये मानवी देहपेशींना मूलपेशींचे रूप दिले, त्यासाठी योजलेल्या चार घटकांत ‘लिन-२८’ होता. हाही मूळचा त्याच कृमीतील. पेशींना विशेषीकरणाकडे नेणाऱ्या लेट-७ची परिपक्वता तो अडवितो, हे पुढल्याच वर्षी उघड झाले.