फणस, लोडर आणि एक बारीक भोक

मे महिन्यात चार दिवस आरे-वारेला काकांकडे गेलो होतो. समुद्र, आंबे आणि दुपारची झोप, एवढाच प्लॅन. तो काकांच्या जुन्या ट्रॅक्टरने मोडला.

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलाय. घरामागचा उतार सपाट करायचं काम चालू होतं. काकांनी मातीने भरलेली बकेट डोक्याएवढी उचलली, लिव्हर जरासा ढकलला आणि... धाडकन! बकेट थेट जमिनीवर. चुलतभाऊ फावडं घेऊन वीतभर अंतरावर उभा होता. कुणाला काही लागलं नाही, पण दोन मिनिटं कुणी बोललंच नाही.

"काका, ही हळू नाही का येत खाली?"

"अरे, उचलायला इंजिन आहे. खाली आणायला नुसता माझा हात!"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं लोक हायड्रॉलिक्स वापरतायत, मग खाली आणण्याचा विचार कुणीच केला नाही? परत आल्यावर जरा खोदकाम केलं. उत्तर इतिहासात सापडलं.

बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने त्यावर प्रेसचं पेटंट घेतलं. लहान पिस्टनवर हाताने जोर द्यायचा, मोठा पिस्टन कैक पट जोर लावतो. आणि परत खाली यायला? आत भरलेलं पाणी सोडून द्यायचं, झालं. म्हणजे सगळी अक्कल वर जाण्यात, खाली येणं आपोआप.

ट्रॅक्टरपर्यंत हे आणलं हॅरी फर्ग्युसनने. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेतखात्याने त्याला ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायच्या कामावर घेतलं होतं. तेव्हा नांगर मागे ओढत न्यायचे. तो दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावरच उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिक्सने त्याची खोली सांभाळली. १९३६ साली हे ट्रॅक्टर बाजारात आले. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ साली फोर्डचा ९एन आला. आज आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागे हीच तीन दांड्यांची जोडणी असते.

पण मेख इथेच आहे. या रचनेत तेल फक्त उचलतं. खाली येतो तो नांगर स्वतःच्या वजनाने. नांगर पडून पडणार किती? हात-दीड हात, तोही मातीत. फार बिघडत नाही. तरीही पुढे यावर एक छान सोय आली. १९६० मध्ये सुरू झालेल्या टॅफेच्या १०३५ मॉडेलच्या माहितीपत्रकात 'ड्राफ्ट, पोझिशन अँड रिस्पॉन्स कंट्रोल' असं लिहिलेलं असतं. त्यातलं रिस्पॉन्स म्हणजे अवजार किती वेगाने खाली यावं ते ठरवणं.

ही सोय मागच्या दांड्यांसाठी. दरम्यान लोकांनी ट्रॅक्टरला पुढे लोडर जोडायला सुरुवात केली होती. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४९ साली फोर्डसन मेजर ट्रॅक्टरसाठी लोडर बनवला, आणि १९५३ मध्ये मागे खोदायचा हातही जोडला. हाच तो जेसीबी! (१९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर तो भारतात आला आणि आता मराठी शब्दच झालाय.) नांगर गुडघ्याखाली होता, बकेट डोक्यावर गेली. जुन्या ट्रॅक्टरवर मागाहून चढवलेल्या लोडरला मात्र खाली येताना अडवणारं वेगळं काही असेलच असं नाही. फीचर वाढवलं, जुनं गृहीतक तसंच राहिलं. आमच्या धंद्यात हे रोज होतं :)

उपाय अगदी छोटा आहे. वन-वे रिस्ट्रिक्टर. तेल वर जाताना आतला झडपेचा गोळा बाजूला होतो, वाट मोकळी. खाली येताना गोळा वाट बंद करतो आणि तेलाला फक्त एका बारीक भोकातून जावं लागतं. भोकाचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं, वेगही साधारण तेवढाच उतरतो. पण वजन चौपट झालं तर वेग दुप्पट होतोच. म्हणून सेटिंग भरलेल्या बकेटवर बघायचं, रिकाम्या नाही.

तो बसवायचाही योग्य जागीच. खाली येताना सिलिंडरच्या ज्या तोंडातून तेल बाहेर पडतं तिथे, शक्यतो सिलिंडरला चिकटून. म्हणजे पुढचा पाइप फुटला तरी बकेट कोसळत नाही. दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या सिलिंडरमध्ये चुकून दुसऱ्या बाजूला बसवला, तर आत पोकळी होते आणि बकेट पडायची ती पडतेच.

काकांनी रत्नागिरीच्या मेकॅनिककडून तो बसवून घेतला. फोनवर मी त्यांना हा सगळा इतिहास ऐकवला. ते हसले. "अरे, फणस कसा उतरवतो आपण? दोर फांदीला वेढा देऊन सोडतो. वेढा नसेल तर फणस फुटतो आणि हात सोलतात. तुझं भोक म्हणजे तोच वेढा."

ब्रामा, फर्ग्युसन, बॅमफर्ड... आणि काकांनी एका वाक्यात संपवलं!

असो. रिस्ट्रिक्टर बसवला तरी उचललेल्या बकेटखाली उभं राहायचं नाही, आणि काम थांबलं की बकेट जमिनीवर टेकवूनच उतरायचं. चुलतभावाला हे आता सांगावं लागत नाही.