मॉडेलिंगचं काम देतो म्हणून पैसे मागतायत? आधी जीएसटी नंबर बघा

'तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय' असा मेसेज इन्स्टाग्रामवर येतो आणि घरात चर्चा सुरू होते. पैसे भरायचे की नाही, हा प्रश्न लगेच दुसऱ्या दिवशी येतो.

या धंद्यातला हिशेब खरं तर सरळ आहे. जाहिरात करणारी कंपनी मानधन देते, एजन्सी त्यातून कमिशन कापते, उरलेलं मॉडेलला मिळतं. मॉडेलला काम मिळालं तरच एजन्सीची कमाई. आधीच पैसे घेणाऱ्याची कमाई मात्र तिथंच झालेली असते, पुढे काम मिळवून द्यायची त्याला गरज उरत नाही.

मागणी वेगवेगळ्या नावांनी होते. रजिस्ट्रेशन, परत मिळणारं डिपॉझिट, आर्टिस्ट कार्ड. मॉडेलिंगसाठी सरकारचं असं कुठलंही कार्ड लागत नाही. सगळ्यात जास्त चालतो तो पोर्टफोलिओ. हॉटेलच्या हॉलमध्ये ऑडिशन, आलेले सगळेच पास, आणि फोटो 'आमच्याच फोटोग्राफरकडून' काढायचे. हा फोटोग्राफीचाच धंदा झाला. चांगल्या एजन्सी नवख्यांकडून आधी साधे फोटो मागतात: मेकअप-फिल्टर नाही, कोऱ्या भिंतीसमोर, चेहरा, बाजू आणि पूर्ण उंची. ते घरच्या मोबाईलवर निघतात. 'फिगर बघायची आहे' म्हणून कमी कपड्यांतले फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागितला, तर बोलणं तिथंच थांबवावं. पुढे त्याच फोटोंवरून ब्लॅकमेल होतं.

एजन्सीचा १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर मागून घ्यावा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, तेलंगणा ३६. अंधेरीत ऑफिस सांगणाऱ्याचा नंबर २७ ने सुरू होत नसेल, तर विचारायलाच हवं. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे नंबर नाही म्हणजे फसवणूकच असं नाही. पण मोठमोठ्या ब्रँडची कामं करतो म्हणणाऱ्याची उलाढाल इतकी कमी कशी?

१४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. शूटिंगला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि किमान २० टक्के कमाई मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. या परवानगीबद्दल विचारलं की खोटा एजंट टाळाटाळ करतो.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. वेळेत कळवलं तर बँकेत रक्कम अडवता येते. रोख दिले असतील तर पोलीस ठाणं. मुंबईत फसवलं म्हणून मुंबईलाच जावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे बेळगाव, पणजी, इंदूर, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, तो नंतर संबंधित ठाण्याकडे जातो. सोबत पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट न्यावेत. राग आला तरी चॅट डिलीट करू नये.